किल्ली फिरवल्यावर

जुनी गाडी सुरू झाली नाही की मालक हमखास म्हणतो, "काल तर व्यवस्थित होती!" बोलण्यात आश्चर्य कमी आणि तक्रार जास्त, जणू गाडीने रात्रीतून पक्ष बदलला. तोवर बॉनेटभोवती चार जण जमलेले असतात. एक म्हणतो बॅटरी गेली, दुसरा म्हणतो प्लग काढून बघा, तिसरा अनुभवी असतो, तो नुसताच "हं" करतो. चौथा विचारतो, "पेट्रोल आहे ना?" आणि मालक दुखावतो. वास्तविक चौघांत शहाणा प्रश्न त्याचाच. जुन्या गाडीच्या टाकीतला फ्लोट अडकला तर काटा पाव टाकीवर ठाण मांडून बसतो, आणि टाकी कोरडी पडली तरी तिथून हलत नाही.

माझं म्हणणं एवढंच, की बॉनेटमध्ये हात घालायच्या आधी एकाला स्टेअरिंगवर बसवावं, बाकीच्यांना गप्प करावं आणि किल्ली एकदा फिरवावी. इंजिन फिरत नाही, की फिरतंय पण पेटत नाही? या दोन अगदी वेगळ्या तक्रारी आहेत. पहिल्या तक्रारीत प्लग साफ करत बसणं म्हणजे निव्वळ टाइमपास. तरी लोक करतात, कारण प्लग काढता येतो आणि काहीतरी काढल्याचं समाधान मिळतं.

फिरतच नसेल, तर आवाज नीट ऐकावा. भराभर कट-कट-कट-कट आलं, तर सेल्फच्या, म्हणजे इंजिन फिरवणाऱ्या मोटरच्या, सॉलेनॉइडला (मोटरला करंट जोडणाऱ्या चुंबकी स्विचला) पुरेल एवढा करंट बॅटरीत आहे, पण मोटर फिरवण्याएवढा नाही. सॉलेनॉइड ओढला जातो, मोटर करंट मागते, व्होल्टेज कोसळतं, सॉलेनॉइड सुटतो, पुन्हा ओढला जातो. हे सगळं सेकंदात कितीतरी वेळा चालतं. एकच ठसठशीत "टक" येऊन पुढे सामसूम असेल, तर सेल्फचे कार्बन (फिरत्या भागाला करंट पोचवणारे तुकडे) झिजलेत किंवा आतले कॉन्टॅक्ट जळालेत अशी शंका घ्यावी. अशा वेळी कोणी सेल्फच्या बॉडीवर पान्याने हलकेच दोन ठोके देतं आणि गाडी सुरू होते. ही जादू नव्हे, अडकलेला कार्बन तेवढ्यापुरता टेकतो. ठोक्यांवर फार दिवस निभत नाही.

हेडलाइट लावून सेल्फ मारून बघणं हा माझा आवडता प्रयोग, कारण त्याला काहीच लागत नाही. दिवे विझले तर बॅटरी किंवा तिची जोडणी. दिवे तसेच लखलखीत राहिले आणि सेल्फने हूं की चूं केलं नाही, तर करंट तिथवर पोचतच नाहीये. मग स्विच, रिले, वायर. ऑटोमॅटिक गाडी असेल तर गिअर न्यूट्रलला टाकून बघावा. गिअर 'पार्क'वर असताना हटून बसलेली गाडी न्यूट्रलला मुकाट्याने सुरू होते, कारण दोष गिअरच्या सेफ्टी स्विचचा असतो.

जोडणीकडे मात्र जवळून बघायला हवं. टर्मिनलवर पांढरट, कधी हिरवट-निळसर भुकटी धरलेली असते, ती सगळ्यांना दिसते. पण क्लॅम्प वरून चकचकीत असतो आणि आत, शिशाच्या खांबाला जिथे तो टेकतो तिथे, करड्या रंगाची पातळ साय धरते. रेडिओ वाजतो, दिवे लागतात, कारण त्यांची भूक थोडी. सेल्फला शेकडो अँपिअर लागतात, ते त्या सायीतून जात नाहीत. क्लॅम्प हाताने फिरवून पाहावा. फिरला तर तोच गुन्हेगार. काढताना आधी निगेटिव्ह काढायचा, म्हणजे पाना चुकून बॉडीला लागला तरी ठिणगी उडत नाही. इंजिनपासून बॉडीला जाणारी अर्थिंगची पट्टीही बघून घ्यावी, तिच्याकडे वर्षानुवर्षं कोणी ढुंकून पाहत नाही.

मल्टिमीटर असेल तर वाद लवकर मिटतात. रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीवर 12.6 व्होल्ट म्हणजे ती भरलेली, 12.2 म्हणजे निम्म्यावर. सेल्फ मारताना आकडा साडेनऊच्या खाली गेला तर बॅटरी थकली. आणि गाडी सुरू असताना 14 च्या आसपास दिसत नसेल, तर नवी बॅटरी आणूनही तीच वेळ पुन्हा येणार, कारण भरणारा अल्टरनेटरच झोपलाय.

1912 साली कॅडिलॅकने चार्ल्स केटरिंगचा इलेक्ट्रिक सेल्फ गाडीत बसवला. त्याआधी हँडल मारावं लागे, आणि उलटलं तर मनगट मोडे. त्या माणसांना कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, कमी झालेलं हातालाच कळत असणार. आपल्याकडे कान उरलेत. इंजिन नेहमीपेक्षा भलतंच हलकं, सुसाट, एकसुरी फिरू लागलं, तर टायमिंग बेल्ट, म्हणजे पिस्टन आणि व्हॉल्व्ह यांचा मेळ राखणारा पट्टा, तुटलेला असू शकतो. तिथे सेल्फ मारणं ताबडतोब थांबवावं. काही इंजिनांत व्हॉल्व्ह पिस्टनला धडकून वाकतात आणि छोटं काम मोठं होतं.

इंजिन नेहमीसारखं फिरतं पण पेटत नाही, तेव्हा प्रश्न पेट्रोल आणि स्पार्क यांतला. इंजेक्शनच्या बहुतेक गाड्यांत किल्ली ऑन केल्यावर मागून पंपाची दोनेक सेकंद घरघर येते. ती नसेल तर आधी फ्यूज आणि रिले. कार्बोरेटरच्या गाडीत नाक कामाला येतं. पेट्रोलचा भपका आला, प्लग ओला निघाला, म्हणजे ओव्हरफ्लो झालंय. अॅक्सिलरेटर पूर्ण दाबून सेल्फ मारावा.

हे सगळं सरळ असतं, कारण गाडी बंद आणि बंदच राहते. खरा छळ गरम झाल्यावर बंद पडणाऱ्या गाडीचा. क्रँक सेन्सर (इंजिनचं फिरणं टिपणारा) किंवा इग्निशन कॉइल (स्पार्कसाठी व्होल्टेज वाढवणारी) तापली की दगा देते, थंड झाली की शहाणी होते. मेकॅनिक पोचेपर्यंत गाडी निवलेली असते, पहिल्याच सेल्फला सुरू होते. तो आपल्याकडे बघतो, आपण "अहो, खरंच" म्हणतो. चांगला मेकॅनिक यावर हसत नाही आणि पार्टही बदलत सुटत नाही. "चालू ठेवा," म्हणतो, आणि इंजिनच्या बाजूला स्पार्क टेस्टर हातात घेऊन उभा राहतो. मग दोन शहाणीसुरती माणसं, एक सुरळीत चालणारी गाडी कधी बंद पडतेय याची वाट बघत थांबतात.