'मी रडतो' की 'मी रडते'?

पहिल्या वर्षी माझा अर्ज नाकारला गेला, आणि आज तो वाचला की नाकारणाऱ्यांचा राग येत नाही. मानसशास्त्र आणि लिंगभाव-लैंगिकता अभ्यास अशी जोड पीएचडी मला करायची होती. अर्जासोबतच्या एसओपीत, म्हणजे 'मला हे का करायचंय' सांगणाऱ्या निबंधात, दोन पानं माझी तळमळ होती, प्रश्न मात्र एकही नव्हता. दुसऱ्या वर्षी तळमळ चार ओळींत आटोपली आणि उरलेल्या जागेत एकच गोष्ट विचारली: 'पुरुषी' आणि 'बायकी' स्वभाव मोजणाऱ्या प्रश्नावल्या मराठीत आणल्या की नेमकं काय मोजलं जातं? प्रवेश मिळाला.

दोन विभाग म्हणजे दोन गाइड, दोन्हीकडचे कोर्स आणि दोन सासरं. एकीकडे विचारायचे, "तुझा व्हेरिएबल, म्हणजे मोजायची गोष्ट, कुठली?" दुसरीकडे, "हा व्हेरिएबल आहे असं ठरवणारी तू कोण?" पहिलं वर्षभर मी इकडचं उत्तर तिकडे देऊन दोन्हीकडे बोलणी खाल्ली.

दोघांचंही एकमत झालेलं पाहिलं ते अमेरिकन मानसशास्त्रज्ञ एव्हलिन हूकर यांच्या 1957 च्या अभ्यासावर. त्यांनी 30 समलिंगी आणि 30 भिन्नलिंगी पुरुषांच्या मानसशास्त्रीय चाचण्या घेतल्या आणि कोणता कागद कुणाचा हे न सांगता त्या तज्ज्ञांपुढे ठेवल्या. तज्ज्ञांना फरक ओळखता आला नाही. माझ्या मानसशास्त्राच्या गाइडना त्यातलं नावं झाकून केलेलं परीक्षण आवडायचं. दुसऱ्या मॅडम म्हणायच्या, आधी माणसं कुठून आणली ते बघ. तोवरचे बहुतेक निष्कर्ष दवाखान्यात किंवा तुरुंगात भेटलेल्या माणसांवरून काढलेले होते, हूकर यांनी मुद्दाम बाहेरची माणसं घेतली. समलैंगिकता अमेरिकन मनोविकारांच्या यादीतून निघायला त्यानंतरही 1973 उजाडलं.

माझं काम सुरू झालं अमेरिकन मानसशास्त्रज्ञ सँड्रा बेम यांच्या 1974 च्या यादीपासून, म्हणजे 'पुरुषी-बायकी' स्वभाव मोजणाऱ्या प्रश्नावलीपासून. त्यात 60 गुणविशेष आहेत: 20 पुरुषी मानलेले, 20 बायकी, 20 तटस्थ. बायकी गुणांत 'भोळसट' आणि 'बालिश' हेही आहेत. (मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा छापण्यात चूक झाली असेल असं वाटलं.) पण बेम यांचा मुद्दा त्या काळात मोठा होता: एकच माणूस दोन्ही बाजूंना भरपूर गुण मिळवू शकतो, ही एका पट्टीची दोन टोकं नव्हेत.

मी त्या धर्तीवर पूर्ण वाक्यांची प्रश्नावली बांधायला घेतली आणि तिथेच अडकले. इंग्रजीतल्या 'मी'ला लिंग नाही. मराठीत 'मी लवकर चिडतो' लिहिलं की उत्तर देण्याआधीच माणूस पुरुष झाला. भाषांतराची प्रमाण पद्धत अशी की एकाने इंग्रजी वाक्य मराठीत आणायचं, दुसऱ्याने मूळ न बघता परत इंग्रजीत न्यायचं, आणि दोन्ही इंग्रजी वाक्यं ताडून बघायची. आमचं ताडून बघणं उत्तम जमलं! कारण परत जाताना 'चिडतो' काय आणि 'चिडते' काय, इंग्रजीत दोन्ही सारखंच. जी भेग मराठीत होती ती तपासणीला दिसणारच नव्हती.

मग 'चिडतो/चिडते' अशी तिरकी रेघ मारून पायलट, म्हणजे थोड्या लोकांवर चाचणी, केला. त्यातला एक कागद माझ्याकडे अजून आहे. पहिल्या अकरा वाक्यांत निळ्या पेनाने 'ते' खोडलेलं, बाराव्यापासून 'तो' खोडलेलं, आणि शेवटच्या पाच वाक्यांत दोन्ही तसंच ठेवलेलं. एका गाइडनी सांगितलं, हा बाद कर. दुसऱ्या म्हणाल्या, बाकीचे बाद झाले तरी चालतील, हा ठेव.

पुढचे चार महिने व्याकरणात गेले. 'मी रडते'चं 'मला रडू येतं' केलं तर लिंग जातं, पण रडणारी व्यक्तीही जाते. रडू आपलं आपण येतं. स्वभाव मोजायला निघालेल्या माणसाला हा फरक किरकोळ नाही. शेवटी वाट सापडली ती भूतकाळात. 'मी निर्णय घेतला' यात क्रियापद निर्णयाच्या मागे जातं, 'मी'च्या नाही. म्हणून 'गेल्या महिन्यात मी कुणालाही न विचारता निर्णय घेतला' असं लिहून किती वेळा ते विचारलं. अर्थात 'रडलो-रडले'ला ही युक्ती लागू पडत नाही. अशी सात वाक्यं मी काढूनच टाकली, आणि का काढली यावर प्रबंधात एक अख्खं प्रकरण झालं.

संशोधनात सहभागींना अपाय होत नाही ना हे बघणाऱ्या एथिक्स कमिटीबद्दल थोडक्यात. संमतिपत्रावर नाव आणि सही हवीच, असा त्यांचा हेका होता. माझ्या सहभागींपैकी काहींनी घरी काहीच सांगितलेलं नव्हतं. त्यांचं नाव या अभ्यासाशी जोडणारा एकमेव कागद म्हणजे ते संमतिपत्रच. तोंडी संमती आणि सांकेतिक क्रमांक एवढ्यासाठी तीन बैठका झाल्या. एका बैठकीत तर फॉर्ममधल्या 'स्त्री/पुरुष' चौकटीचं स्पेलिंग तपासण्यातच अर्धा तास गेला.

व्हायवाला, म्हणजे प्रबंधाच्या तोंडी परीक्षेला, एका परीक्षकांनी अपेक्षेप्रमाणे विश्वासार्हतेचे आकडे विचारले, दुसऱ्यांनी विचारलं की मुळात आकडे कशाला. दोन्ही उत्तरं पाठ होती. मग पहिल्या परीक्षकांनी परिशिष्ट उघडलं, निळ्या पेनाच्या कागदाच्या झेरॉक्सवर थांबले आणि म्हणाले, "बाराव्या वाक्यात काय होतं?"

'मी माझ्या मनासारखं वागतो/वागते.'

त्यांनी चष्मा काढला, पान पुन्हा एकदा पाहिलं, आणि पुढचा प्रश्न विचारायचं राहूनच गेलं.