आबाजींनी दाखवलेलं बुऱ्हाणपूर

मी बुलडाणा जिल्ह्यातल्या संग्रामपूर तालुक्यातला. घरी थोडी शेती आहे अन् स्वतःची अर्टिगा आहे, तिच्यावर दवाखान्याचं, लग्नाचं, शेगावचं जे भाडं मिळेल ते मारतो. त्यातलंच एक काम म्हणजे मध्य प्रदेशातल्या बुऱ्हाणपूरची एका दिवसाची ट्रीप. सकाळी घरून उचलायचं, जळगाव जामोदवरून सातपुड्याचा घाट ओलांडायचा, तिकडे ओळखीचा गाईड गाडीत घ्यायचा, मोगलांच्या काळातलं सगळं नीट दाखवायचं अन् रात्रीच्या जेवणाला परत घरी. आपल्याकडच्या लोकांना मोगलांच्या इमारती म्हटलं की आग्रा-दिल्लीच आठवते, पण ज्या मुमताजसाठी ताजमहाल बांधला ती वारली बुऱ्हाणपुरात, अन् ते गाव आपल्या डोंगराच्या पलीकडच्या अंगाला आहे, हे सांगितलं की लोक लगेच तयार होतात.

मागच्या हिवाळ्यात पुण्याहून एका ताईचा फोन आला. तिचे आईबाबा आमच्या बाजूच्याच गावात राहतात. तिला त्यांना ताजमहाल दाखवायचा होता पण आबाजींचे गुडघे गेलेले, रात्रभर रेल्वेत बसवत नाही, आजींना बीपी. ती म्हणे, भाऊ, गर्दीची ट्रीप नको, त्यांच्या चालीनं चालणारा माणूस पायजे. म्हटलं ताई, काळजी करू नका, गाडी तुमचीच, गाईड तुमचाच, जिथं बसावं वाटलं तिथं बसू. गाडीत आबाजी, आजी अन् सातवीतला नातू, एवढेच.

आबाजींबद्दल थोडं सांगावं लागेल नाहीतर पुढचं समजणार नाही. ह्या माणसानं आयुष्यभर विहिरी खांदल्या. पहार, सब्बल, टिकास, पुढं सुरुंग, मग आडवे बोर, सगळं केलं. आमच्या पंचक्रोशीत कितीतरी विहिरींना त्यांचे हात लागलेले आहेत. अन् आमचा भाग म्हणजे खारपाणपट्टा. पूर्णेच्या खोऱ्यात अकोला, अमरावती, बुलडाणा अशा तीन जिल्ह्यांत हा पट्टा पसरलेला आहे, जमिनीखाली पाणी आहे पण खारट, पिकाला घातलं तर जमीन चोपण होते, माणसानं पिलं तर किडनीची भीती. ज्यानं घाम गाळून चाळीस-पन्नास फूट खांदलं अन् पाणी लागल्यावर ओंजळ तोंडाला लावून थुंकून टाकली, त्या माणसाच्या मनात काय होत असेल हे आमच्याकडच्यालाच कळेल. सातपुड्याच्या पायथ्याला पाणी गोड, अन् थोडं खाली पूर्णेकडं सरकलं की खारं, ही रेघ आबाजींना शिवारानुसार पाठ होती.

सकाळी थंडीत निघालो, घाटात नातवाला मळमळलं म्हणून थांबलो, पलीकडं उतरलो की केळीच्या बागा सुरू होतात. गाईड शहराच्या तोंडाशीच थांबला होता. तिथं बऱ्याच लोकांना मराठी समजते त्यामुळं आजींचं अन् त्याचं लगेच जमलं.

पहिले शाही किल्ला. तापीच्या काठावर उंच उभा आहे, मूळचा फारुकी सुलतानांचा. १६०१ मध्ये अकबरानं असीरगड घेतला अन् खानदेश मोगलांकडं गेला, तेव्हापासून दख्खनवर चालून यायचं तर त्यांचा तळ बुऱ्हाणपुरातच. किल्ल्यातलं बरंचसं पडलंय, पण शाहजहानचा हमाम अजून पाहण्यासारखा आहे. छतावर रंगीत वेलबुट्टी आहे, इतक्या वर्षांनी पण लाल अन् निळा रंग दिसतो, मान वर करून पाहात राहावं असं. गाईड मुमताजच्या आंघोळीचं, गुलाबपाण्याचं रंगवून सांगत होता. आजी ऐकत होत्या. आबाजी मात्र खिडकीतून खाली वाहणाऱ्या तापीकडं पाहात होते, मग म्हणाले, "बापू, नदी तं तिकडं खाली हाय. एवढ्या उंचीवर पाणी चढवलं कसं? मोट लावली का?"

गाईड म्हणाला, आबाजी, ते पाणी नदीचं नाहीच, ते दुसरीकडून येत होतं, जेवणानंतर दाखवतो. झालं, तिथून पुढं आबाजींचं लक्ष कुठंच लागेना. जामा मशिदीत आत भिंतीवर अरबी लेखाजवळच संस्कृत लेख कोरलेला आहे, एरवी माझे सगळे पाहुणे तिथं थक्क होतात, नातवानं दोन अक्षरं लावून पण दाखवली, पण आबाजी आपले दर पाच मिनिटांनी, "ते पाण्याचं कवा दाखोता?"

मग मी गाईडला म्हटलं, जेवण राहू दे, पहिले कुंडी भंडाऱ्यालाच चल.

शहरापासून काही किलोमीटरवर, लालबागच्या पुढं आहे हे, मोगलांच्या वेळचं जमिनीखालून पाणी आणायचं काम. वरून पाहिलं तर काहीच नाही, मोकळं रान अन् त्यात एका ओळीत विहिरीसारखी गोल तोंडं, काठ बांधलेली. ह्याच कुंड्या, शंभरावर आहेत, एकीपासून दुसरी साधारण वीस मीटरवर. १६१५ मध्ये अब्दुल रहीम खानखाना इथला सुभेदार असताना हे काम झालं. हो, तेच रहीम, ज्यांचे दोहे हिंदीच्या पुस्तकात आपण पाठ केले. शहरात फौज, हत्ती, घोडे, व्यापारी, एवढ्यांना बारा महिने पाणी पायजे, अन् शत्रूनं नदीत विष कालवलं तर, ही पण भीती होती असं सांगतात. म्हणून पाणी झाकूनच आणलं.

त्या दिवशी लिफ्ट चालू होती. साधी लोखंडी लिफ्ट आहे, कुंडीतून सरळ ऐंशीक फूट खाली उतरवते. आजी म्हणाल्या मी नाही येत बाप्पा, त्या वर बसल्या. आम्ही चौघं गेलो. खाली उतरलं की पायाशी पाणी, गुडघ्याच्या खाली, थंडगार, अन् समोर दगडात खोदलेला भुयारासारखा रस्ता, एक माणूस जेमतेम जाईल एवढा. वरच्या कुंडीतून उजेडाचा खांब पडतो, पुढं अंधार, मग पुढच्या कुंडीचा उजेड. भिंतींवर पांढरे थर चढलेले, कुठं गुठळ्या, कुठं पडद्यासारखी झालर, पाण्यातला चुना साचून साचून झालेलं.

आबाजींचा गुडघा मी विसरलो नव्हतो, हात धरायला गेलो तर ते माझ्या पुढं निघून गेलेले. भिंतीला तळहात लावून उभे राहिले. नखानं थर खरवडला, चिमटीत चोळला. मग कान भिंतीजवळ नेला. मी पण गप्प झालो तेव्हा ऐकू आलं, भिंतीतून पाणी झिरपत होतं, बारीक, सगळीकडून. त्यांनी ओंजळ भरली, तोंडात घेतली, अन् गिळली. परत भरली. "गोड हाय," म्हणाले, "निव्वळ गोड."

गाईडनं आपलं पाठ केलेलं सुरू केलं होतं पण मी त्याला थांबवलं, म्हटलं आता ह्यांनाच विचारू. अन् मग त्या माणसानं आम्हाला तो भंडारा समजावून सांगितला, जो याआधी कितीदा येऊन गेलो तरी मला असा कोणी सांगितला नव्हता.

त्यांचं म्हणणं असं. डोंगरावर पाऊस पडते, मुरते, अन् जमिनीच्या पोटातून उताराच्या दिशेनं तापीकडं सरकत राह्यते. आपण काय करतो, एक विहीर उभी खांदतो अन् पाणी तिच्यात यायची वाट पाहतो. ह्या लोकांनी त्या सरकत्या पाण्याच्या वाटेतच आडवा बोगदा काढला, म्हणजे पाणी आपोआप त्यात पाझरते, अन् बोगद्याला असा बेताचा उतार दिला की ते स्वतःच चालत शहराकडं जाते. ना मोट, ना रहाट, ना मोटार. कुंड्या कशासाठी, तर खोदताना गाळ-दगड वर काढायला, आत हवा खेळायला अन् पुढं साफसफाईला उतरायला. गाईड म्हणाला बरोबर आहे आबाजी, इराणकडं ही पद्धत जुनी, हे काम ज्यानं केलं तो तबकुतुल अर्ज नावाचा जाणकार तिकडचाच असं सांगतात, अन् इथून पाणी जाळी करंज नावाच्या हौदात जाऊन तिथून नळांनी गावात अन् महालात जात होतं.

"उतार कसा धरला अशीन?" मी विचारलं.

"वरून वळंबा सोडला अशीन प्रत्येक कुंडीत," आबाजी म्हणाले, "अन् खाली पाणीच पाणसळ. पाण्यापेक्षा खरं लेव्हल कोण दाखोते? पण बापू, मी आडवं बोर मारलं हाय. वीस फुटात फूटभर इकडचं तिकडं होऊन जाते, अन् तेही मशिनीनं. ह्या लोकायनं दोन्ही अंगांनी खांदत आणून मधात तोंड मियवलं. हे पाह्य." अन् त्यांनी नातवाचा हात धरून भिंतीवर ठेवला, तिथं टाकीचे घाव होते, एका बाजूनं आलेले तिरपे अन् थोडं पुढं उलट्या बाजूचे. दोन टोळ्या इथं भेटल्या, ते म्हणे. मला आजपर्यंत ते घाव कधी दिसले नव्हते. खरंच दोन टोळ्यांचे आहेत का हे कोणी तज्ज्ञच सांगेल, पण ज्यानं पन्नास वर्षं दगड फोडला त्याची नजर मी तरी मानतो.

तिथून ते निघायलाच तयार नव्हते. लिफ्टवाला वरून ओरडला तेव्हा आले. वर आल्यावर आजींच्या शेजारी बसले अन् कितीतरी वेळ बोलले नाहीत, मग म्हणाले, "ज्यायनं खांदलं त्यायचं नाव कुठी लिवलं हाय का?" गाईड म्हणाला, नाही.

जेवण केलं, मावा जिलेबी खाल्ली (बुऱ्हाणपूरला जाऊन ती न खाता येऊ नये), अन् मग तापी ओलांडून जैनाबादला आहुखान्यात, म्हणजे मोगलांच्या शिकारीच्या बागेत गेलो. शाहजहान आपल्याच सरदाराचं, खानजहान लोदीचं बंड मोडायला दख्खनमध्ये आला होता, मुमताज सोबत होती, १७ जून १६३१ ला चौदाव्या बाळंतपणात ती वारली. आधी तिला इथं आहुखान्याच्या बागेत दफन केलं अन् सहाएक महिन्यांनी आग्र्याला नेलं. आता तिथं पडक्या भिंती अन् गवत आहे. ज्या बाईसाठी जगातली सर्वात प्रसिद्ध इमारत उभी राहिली तिच्या पहिल्या कबरीची जागा अशी ओसाड असावी याचं मला दरवेळी वाईट वाटते.

इथं आजी बोलल्या. दिवसभर त्या ऐकतच होत्या. चौदावं म्हटल्यावर त्यांनी गाईडला परत विचारलं, चौदा? अन् वय किती होतं? तो म्हणाला अडतीस. आजी एका दगडावर बसल्या अन् म्हणाल्या, "राजाची राणी असून बी तिले कोणी म्हटलं नाही का, की आता पुरे?" गाईडजवळ याला उत्तर नव्हतं, माझ्याजवळ पण नव्हतं. त्यांची स्वतःची बहीण बाळंतपणात गेली होती हे आबाजींनी मला नंतर गाडीजवळ हळूच सांगितलं. मी पाहुण्यांना तिथं नेतो तेव्हा सगळे प्रेमाची गोष्ट ऐकतात अन् फोटो काढतात, त्या बाईच्या जिवाचं पहिल्यांदा कोणी विचारताना ऐकलं.

शेवटी तापी-मोहनाच्या संगमावर राजाची छत्री. नातवासाठी मुद्दाम ठेवली होती. मिर्झाराजे जयसिंग, १६६५ चा पुरंदरचा तह, महाराजांना आग्र्याला जायला लावणारे तेच, ते १६६७ मध्ये इथं बुऱ्हाणपुरातच वारले, ही छत्री त्यांची. पुस्तकातला माणूस असा खरोखरचा समोर आला की पोराचे डोळे कसे होतात ते पाहायला मला फार आवडते. त्याला मी हे पण सांगितलं की पुढं १६८१ मध्ये संभाजीराजांच्या काळात हंबीरराव मोहित्यांनी ह्याच बुऱ्हाणपुरावर धाड घातली होती. घाट उतरेपर्यंत तो मला हंबीररावांचंच विचारत होता.

आबाजींना घरी सोडलं, ताईला फोन लावून दिला. ती विचारत होती, कसं वाटलं बाबा, मुमताजची जागा पाहिली का? आबाजी म्हणाले पाहिली, अन् मग अर्धा तास तिला पाण्याचा उतारच समजावत बसले.

कुंडी भंडारा २०२४ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेलाय, फार चांगलं झालं. पण माझी कळकळ वेगळी आहे. आपल्या सातपुड्याच्या पायथ्याला गोड्या पाण्याचा जो पट्टा आहे त्यात दरवर्षी बोर खोल खोल चाललेत, अन् खालच्या गावांत अजूनही योजनेच्या नळाची अन् टँकरची वाट पाहतात. त्याच डोंगराच्या पलीकडं चारशे वर्षांपूर्वीच्या माणसांनी मुरलेलं पाणी वीज न वापरता घरापर्यंत आणलं. आपल्याकडं जसंच्या तसं होईल असं मी म्हणत नाही, जमीन वेगळी, खडक वेगळा, आबाजी पण तेच म्हणतात. पण ज्यांच्या हातात गावच्या पाण्याचं काम आहे त्यांनी एकदा त्या भुयारात उभं राहून यावं असं मला मनापासून वाटते.

आबाजींनी पारावर बसून इतकं सांगितलं की त्यांच्या गावचे सरपंच, दोन सदस्य अन् पाणीपुरवठ्याचा माणूस असे चौघं येत्या रविवारी माझ्या गाडीतून चाललेत. त्यांच्याकडून फक्त डिझेलचे पैसे घेणार आहे. समोरच्या सीटवर आबाजी बसणार, अन् गाईडला मी आधीच सांगून ठेवलंय की खाली उतरल्यावर बोलायचं काम त्यांचं.