शीग

कुकरचं माप फुटलं. भाताच्या विजेच्या कुकरबरोबर ते प्लॅस्टिकचं वाटीएवढं माप येतं ना, तेच. ओट्यावरून पडलं आणि मधोमध चिरलं. दुपारचे साडेबारा वाजलेले, आमटीला उकळी आलेली, आणि मला एकदम कळलं की या मापाशिवाय आपल्याला भात लावता येत नाही. वीस वर्षं संसार केला, पण तांदूळ किती घ्यायचे हे त्या प्लॅस्टिकलाच ठाऊक होतं.

मग माळ्यावरच्या पत्र्याच्या डब्यातून आज्जीचं मापटं काढलं. पितळेचं, पोटाशी जरा दबलेलं, काठाजवळ घासून घासून पुसट झालेला शिक्का. त्याचा थोरला भाऊ शेर आणि धाकटं चिपटं, दोघंही कधीतरी मोडीत गेले. हे एकटं का राहिलं कोण जाणे. बहुतेक त्यात लिंबं ठेवलेली असावीत तेव्हा.

लेकीनं तिच्या केकच्या नादापायी घेतलेला डिजिटल काटा पुढं सरकवला. ‘मम्मी, एकदा ग्रॅममध्ये बघून ठेव, विषय संपला.’ बघितलं. 438 आले. खात्रीसाठी परत मोजलं, 471. तिसऱ्यांदा 415. ‘मापटं बोगस आहे,’ असा निकाल देऊन ती आत गेली.

मापट्याचा काही दोष नव्हता. शीग, म्हणजे काठाच्या वर चढणारी रास, तीन वेळा तीन तऱ्हेची बसली, एवढंच.

आज्जी मापटं पोत्यात खुपसायची आणि वर उचलताना डाव्या हाताचा तळवा काठाशी आणायची. त्या तळव्याच्या दोन तऱ्हा होत्या. घरच्यासाठी असलं की तळवा काठावरून सर्रकन सरळ फिरायचा, माप सपाट. दुसऱ्याला द्यायचं असलं की तोच तळवा वाटीसारखा वाकायचा, दाण्यांना गोंजारत वर चढवायचा, टोक येईपर्यंत. टोकावरचे चार दाणे घरंगळले की भरलं म्हणायचं. मनगटात दोन काचेच्या बांगड्या आणि एक पाटली, त्यांचा आवाजही दोन तऱ्हांचा यायचा. परड्यात खेळत असले तरी मला नुसत्या आवाजावरून कळायचं, तांदूळ चुलीकडं चाललेत का दाराकडं.

आणि मोजताना ‘एक’ म्हणायचं नाही. ‘लाभ... लाभ... लाभ,’ मग ‘दोन... दोन...’ पुढचं माप ओतेपर्यंत तोच आकडा घोळवत राहायचा, म्हणजे मध्येच कुणी काही विचारलं तरी मोजणी चुकत नाही. शाळेत पहिल्याच दिवशी बाईंनी आकडे म्हणायला सांगितले तर मी ‘लाभ, दोन, तीन’ अशी सुरुवात केली होती. बाई हसल्या, पण थांबवलं नाही.

तांदूळ तिच्या माहेरचा, आजऱ्याकडचा. तिचा भाऊ सुगी झाली की एसटीच्या टपावर घनसाळचं पोतं टाकून यायचा. तो भात शिजायला लागला की वास बोळाच्या तोंडापर्यंत, आणि कोल्हापुरातली अर्धी मंगळवार पेठ ओळखायची की आमच्याकडं आजऱ्याचा मामा आलाय. आता त्या तांदळाला भौगोलिक मानांकन मिळालंय. पिशवीवर तसं छापलेलं असतं. मी ते कौतुकानं वाचते, मग दर वाचते आणि पिशवी परत ठेवते.

नवे पैसे आले 1957 साली, किलो आला 1958 साली. आज्जीनं दोन्ही ऐकून घेतलं आणि आपलं चालू ठेवलं. हिशेब शेवटपर्यंत आण्यात. चार आण्याचं नाणं 30 जून 2011 ला बंद होणार ही बातमी मी तिला पेपरातून वाचून दाखवली, तर म्हणाली, ‘गेलं? सुटलं बाई. कवापास्नं आजारीच हुतं.’ तारखांचीही तीच गत. थोरले काका कधीचे, तर संस्थान विलीन झालं तवाचे. धाकटी आत्या कोयनेच्या भूकंपाची. 1949 आणि 1967 हे आकडे आम्ही मागाहून बसवले, शाळेच्या दाखल्यासाठी.

लक्ष्मीपुरीत धान्य घ्यायला गेलो की ती दुकानदाराच्या तोंडाकडं बघायचीच नाही. नजर तराजूच्या काट्यावर. काटा सरळ उभा राहिला तरी पिशवी पुढं करायची नाही. जरा आपल्या अंगाला झुकला पाहिजे. दुकानदारही तयारीचा, आधी मुद्दाम सरळ ठेवायचा, मग चिमूटभर डाळ वर टाकून हसायचा. दोघांनाही तो खेळ पाठ होता. नंतर तिथं बटणांचा काटा आला. त्यात लाल आकडे उमटतात, काही झुकतबिकत नाही. आज्जी त्या आकड्यांकडं अविश्वासानं बघत उभी राहायची, म्हैस घेताना गिऱ्हाईक बघतं तशी.

म्हशीवरून गंगावेस आठवली. संध्याकाळी तिथं कट्ट्यावर म्हशी उभ्या असतात, समोर धार काढून कोमट दूध ग्लासात देतात. आजोबांना तो फेस आवडायचा, मिशीला लावून घरी यायचे. आज्जीचा फेसावर राग. घरात पातेल्यात दूध घेताना ती वाकून फुंकर मारायची, फेस बाजूला सारून खालची पातळी बघायची आणि गवळ्याला म्हणायची, ‘आता घाल.’ तांदळाची शीग खरी, दुधाची खोटी, हे मला शाळेत जायच्या आधीपासून ठाऊक होतं.

तरी एकदा चुकले. आठ-नऊ वर्षांची असेन. मे महिना, दुपार, सगळी जेवून लवंडलेली. दारात जोगतीण आली, डोक्यावर देवीचा जग, हातात परडी. आज्जीनं झोपेतच सांगितलं, ‘मापटंभर घाल गं तिला.’ मी मोठ्या जबाबदारीनं मापटं भरलं, तळवा सर्रकन फिरवला, परडीत ओतलं. जोगतीण काही न बोलता पुढं गेली. मी आत आले तर आज्जी उठून बसलेली.

‘सपाट घातलाईस व्हय?’

बांगड्या वाजल्या नव्हत्या तरी हिला कसं कळलं? का मी तळवा फिरवल्याचा आवाजच पुरला? मी म्हटलं, मापटंभर म्हणालीस, मापटंभर घातलं.

‘दारात सपाट माप ओतत्यात व्हय? पळ. गाठ तिला. शीग ऱ्हायली म्हणावं. हो पुढं, मी आलो.’

(हो, ‘आलो’च. आमच्याकडं बायकाही आलो-गेलो म्हणतात. पुण्याला शिकायला गेले तेव्हा हॉस्टेलच्या मुलींनी याची आठवडाभर करमणूक करून घेतली. मी पण मग आले-गेले म्हणायला शिकले. कोल्हापूरच्या स्टँडवर उतरलं की ते आपोआप सुटतं.)

मी मुठीत तांदूळ घेऊन अनवाणी पळाले. बोळातल्या फरशा तापलेल्या, घामानं दाणे तळव्याला चिकटलेले, काही बोटांच्या फटीतून गळत चाललेले. पोचेपर्यंत निम्मी मूठ उरली असेल. जोगतीण कोपऱ्यावरच्या पिंपळाच्या सावलीत टेकली होती. ‘शीग राहिली होती,’ मी धापा टाकत सांगितलं. तिला काहीच नवल वाटलं नाही. परडी पुढं केली, मूठ झटकून घेतली, चिकटलेले दोन दाणे आपल्या बोटानं काढून घेतले आणि माझ्या कपाळाला भंडारा लावला. मागं वळून बघितलं तर आज्जी डोक्यावर पदर घेऊन बोळाच्या मध्यापर्यंत आली होती. मी सांडलेले दाणे ती बघत होती, पण उचलले नाहीत. म्हणाली, ‘असूंदेत. चिमण्या हाईत.’

ती मूठ घरात दुसऱ्या तऱ्हेनंही उरलीय. आईच्या वहीत वर्षाच्या चटणीचं प्रमाण आहे. संकेश्वरी अमुक, ब्याडगी तमुक, धने, खोबरं, कांदा, लसूण, सगळं किलोत लिहिलेलं, आणि मध्येच ‘तीळ – आत्तींच्या दोन मुठी.’ आत्ती म्हणजे आईच्या सासूबाई, आमची आज्जी. दर उन्हाळ्यात चटणी कुटायला डंकावर जायच्या आदल्या रात्री यावरून वाद होतो. आई म्हणते आत्तींचा हात लहान होता. आत्या म्हणते, आईचा हात चांगला पसरट होता, तुम्हा सुनांना तो कधी दिसलाच नाही. शेवटी काका मूठ भरतात. चटणी दर वर्षी वेगळी होते आणि दर वर्षी सगळे म्हणतात, अगदी तश्शीच झालीय.

शेवटच्या आजारपणात तिला पाणी मोजून द्यायचं होतं. दिवसाला एक लिटर, वर थेंब नाही. सिस्टरनी एक तक्ता दिला होता, किती मिलिलिटर आत, किती बाहेर, तासातासाला लिहायचं. रात्री मी असायचे. रेघा आखलेला ग्लास, मी डोळ्यांसमोर धरून शंभराच्या रेघेपर्यंत भरायची. आज्जी उशीला टेकून त्या रेघेकडं बघत राहायची, लक्ष्मीपुरीतल्या काट्याकडं बघायची तशी.

‘जरा वर घाल की गं.’

‘एवढंच सांगितलंय.’

‘मग शीग?’

मी म्हटलं, ‘आज्जी, पाण्याला शीग नसती.’

तिनं ग्लास हातात घेतला, उजेडाकडं धरला. ‘व्हय की,’ म्हणाली. निम्मं प्याली आणि ग्लास माझ्याकडं दिला. ‘ऱ्हायलेलं तू पी. मघापास्नं उभी हाईस.’

तक्त्यात मी शंभरच लिहिलं.

भात त्या दिवशी गिचका झाला. तांदूळ मापट्यानं घेतले, पण पाणी किती, हे कुठल्या भांड्यानं घ्यायचं ते कुणाला विचारणार? संध्याकाळी महाद्वार रोडला जाऊन आले. कुकरचं माप सुटं मिळत नाही, दुकानदार म्हणाला, नवीन कुकरच घ्या. येताना कपिलतीर्थातून मेथीच्या दोन पेंड्या घेतल्या. त्याही जून निघाल्या.