तुम्ही विचारलंत म्हणून: पैसे टाटाला का देत नाही?

"लंडनच्या प्रयोगशाळेत कशाला ओतता? टाटा हॉस्पिटलला द्या की, चार गरीब पोरांवर उपचार होतील." पुण्यात जेवायला बसल्यावर, इथे ब्रिटनमधल्या मराठी मंडळात माझ्याच हातचे वडे खाताना, गेली सहा वर्षं ऐकतेय. माझा लेक मेंदूच्या गाठीने गेला; वडे विकून जमवलेले पैसे मी त्या गाठींच्या संशोधनाला देते.

आधी भांडून घेते. सर दोराबजी टाटांच्या पत्नी लेडी मेहेरबाई टाटा 1931 मध्ये ल्युकेमियाने, म्हणजे रक्ताच्या कॅन्सरने गेल्या. पुढच्याच वर्षी त्यांच्या नावाने निघालेल्या ट्रस्टचा पैसा ल्युकेमियाच्या संशोधनाला जगभर जातो. त्यांना कोणी असं टोकलं का? इथेही मेंदूच्या गाठींच्या संशोधनाला पैसा मिळेना, तेव्हा घरंच पुढे आली. डिक्सन दाम्पत्याने त्यांची 16 वर्षांची लेक सामंथा मेंदूच्या गाठीने गेल्यावर 1996 मध्ये ट्रस्ट काढला. नील आर्मस्ट्राँगची लहानगी कॅरन 1962 मध्ये ब्रेनस्टेमच्या, म्हणजे मेंदूच्या देठातल्या गाठीने गेली. तिला रेडिएशन दिलं होतं. इतक्या वर्षांनंतर माझ्या लेकालाही रेडिएशनच दिलं.

हे सगळं खरं आहे. पण माझं कारण हे नाही.

शेवटच्या आठवड्यात डॉक्टरीणबाई आम्हाला बाजूच्या खोलीत घेऊन गेल्या. टेबलावर टिश्यूचा खोका, कपात गार झालेला चहा. गाठ जिथे होती तिथे कोणी सुरी लावली नव्हती, बायोप्सीसुद्धा नाही. "नंतर," त्या म्हणाल्या, "तुमची हरकत नसेल तर गाठीचा तुकडा संशोधनाला..." नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. तो हो म्हणणार होता, मला दिसलं. मी म्हटलं, "नाही. त्याला आता कोणी हात लावायचा नाही." बाईंनी मान हलवली, कागद फाइलीत परत ठेवला. पुन्हा विषय काढला नाही. काढायला हवा होता, असं मी बरीच वर्षं म्हणत राहिले. म्हणजे दोष त्यांचा.

मग 2,740 पौंड जमले. संशोधनाच्या एका दिवसाचा खर्च. तेवढे दिले की प्रयोगशाळेच्या भिंतीवर एक टाइल लागते. टाइल लावायला गेलो तेव्हा तिथल्या मुलीने एक बशी दाखवली. कोकमाच्या पातळ सरबतासारखं गुलाबी पाणी, तळाशी न दिसणाऱ्या पेशी. कुणाच्या तरी मुलाच्या. त्या आईबापांनी हो म्हटलं होतं. या गाठींमधला हिस्टोनचा (डीएनए ज्याभोवती गुंडाळलेला असतो त्या प्रथिनाचा) दोष 2012 मध्ये कळला तो अशाच दिलेल्या तुकड्यांतून, हेही तिनेच सांगितलं. तिला बिचारीला काय माहीत!

तर मी वडे तळते. जे द्यायचं होतं ते दिलं नाही, म्हणून हे. तुमच्या गरीब पोरांचं म्हणणं चूक नाही, त्याचं उत्तरही माझ्याकडे नाही. आणि आज पुन्हा त्या खोलीत बसवलंत तर मी हो म्हणेन? दिवसा म्हणते, हो. रात्री त्याची मान आठवते, उशीवर एका बाजूला कललेली.

नवऱ्याने एकदाही बोलून दाखवलेलं नाही. टाइल मात्र त्याने स्वतः बसवली, मला हात लावू दिला नाही.