काजूचा कारखाना आणि काकांच्या खात्यातले एक कोटी वीस लाख

२०२३ च्या फेब्रुवारीअखेरची गोष्ट. दापोली-खेड पट्ट्यातल्या एका गावचे काका, त्यांचा दुबईत नोकरी करणारा मुलगा आणि दोन पुतणे असे चौघे माझ्या ऑफिसात आले. एक पुतण्या बहरीनला, दुसरा लंडनला. गावात काजू प्रक्रियेचा कारखाना काढायचा, आपल्याच वाडीतल्या पंधरा-वीस बायकांना बारमाही काम द्यायचं, असं तिघा भावांनी ठरवलं होतं. ठरवून थांबले नव्हते, पैसेही पाठवून झाले होते. मुलाने ५० लाख, बहरीनवाल्याने ३० लाख, लंडनवाल्याने ४० लाख. एकूण एक कोटी वीस लाख, सगळे काकांच्या गावच्या बचत खात्यात. त्यातले २२ लाख यंत्रांच्या अॅडव्हान्सपोटी गेलेही होते. माझ्याकडे ते फक्त "कंपनी रजिस्टर करून द्या" एवढंच सांगायला आले होते.

मी खात्याचा उतारा आणि प्रत्येक रकमेचा परदेशातून आल्याचा बँक दाखला मागितला. तिन्ही दाखल्यांवर हेतूच्या रकान्यात एकच कोड होता, पी-१३०१. म्हणजे अनिवासी भारतीयाने कुटुंबाच्या निर्वाहासाठी आणि बचतीसाठी पाठवलेली रक्कम. घरी पैसे पाठवणारा जवळजवळ प्रत्येक चाकरमानी हाच कोड वापरतो, आणि घरखर्चासाठी तो बरोबरच आहे. पण या कोडाने आलेला पैसा शेअर भांडवल म्हणून दाखवता येत नाही. भांडवलाचा पैसा गुंतवणूकदाराच्या स्वतःच्या खात्यातून, कंपनीच्या खात्यात, गुंतवणुकीच्या कोडाने यावा लागतो.

"मग बाबांना बक्षीस दिले असं दाखवू," मुलगा म्हणाला. त्याच्या बाबतीत हे चालणार होतं. मुलाने बापाला दिलेली भेट कितीही मोठी असली, तरी आयकर कायद्याच्या 'नातेवाईक' व्याख्येत बसते आणि करमुक्त असते. पुतण्यांची गोष्ट वेगळी. काकाने पुतण्याला दिलं तर करमुक्त, कारण आईवडिलांचे भाऊ-बहीण त्या व्याख्येत आहेत. पुतण्याने काकाला दिलं तर भावाचा मुलगा व्याख्येतच नाही, त्यामुळे वर्षाची बेरीज ५० हजारांच्या वर गेली की सगळीच रक्कम काकांचं उत्पन्न. ७० लाखांवर सर्वांत वरच्या टप्प्याचा कर, अधिभार धरून वीस लाखांच्या पुढे. जन्मभर भातशेती केलेल्या माणसाच्या नावावर.

कर्ज म्हणून दाखवायची वाटही सरळ नव्हती. परकीय चलन कायद्याखाली निवासी व्यक्तीने परदेशातून परकीय चलनात घ्यायच्या कर्जाला तेव्हा 'नातेवाईक' ही अट होती, तिथली व्याख्या कंपनी कायद्यातली होती आणि तिच्यातही पुतण्या नाही. कंपनीने थेट परदेशातून कर्ज घ्यायचं तर ते बाह्य वाणिज्यिक कर्जाच्या नियमांत जातं. कर्ज नोंदणी क्रमांक हाती येण्याआधी पैसा उचलता येत नाही.

त्या दिवशी आम्ही दुपारपर्यंत फक्त या ७० लाखांवर बसलो होतो. ठरलं असं की पुतण्यांच्या रकमा चुकीच्या हेतूने आल्या म्हणून जिथून आल्या त्याच खात्यांत परत पाठवायच्या. काकांचा अर्ज, पुतण्यांची पत्रं, मूळ दाखले, रक्कम अजून खात्यात पडून असल्याचा उतारा, आणि गुंतवणूक नव्याने योग्य कोडाने येणार आहे असं लेखी निवेदन, हे सगळं बँकेच्या परकीय चलनाच्या शाखेला दिलं. गावच्या शाखेत यावर निर्णय होत नाही, फाइल वर जाते. बँकेने मानलं, पण मानायला वेळ घेतला आणि जाता-येता चलन बदलण्यात दोघांनी पैसे गमावले. २२ लाखांचा अॅडव्हान्स मुलाच्या ५० लाखांतून गेला असा हिशेब बसला, म्हणून हे जमलं. तो अॅडव्हान्स सत्तर लाखांना लागला असता, तर परत काय पाठवणार होतो?

मग प्रत्येकाची वाट वेगळी झाली, कारण तिघांची कायदेशीर ओळख वेगळी होती. बहरीनवाल्याकडे भारतीय पासपोर्ट. तो स्वतःच्या एनआरई खात्यातून (अनिवासी भारतीयाचं परदेशी कमाईचं रुपयातलं खातं) 'परत न नेण्याच्या' तत्त्वावर गुंतवणूक करू शकतो. परकीय चलन कायद्याखालच्या २०१९ च्या नियमांच्या चौथ्या अनुसूचीनुसार ती देशी गुंतवणूक समजली जाते आणि एफसी-जीपीआर, म्हणजे परदेशी गुंतवणुकीची रिझर्व्ह बँकेला द्यायची माहिती, भरावा लागत नाही. 'परत न नेण्याच्या' हे शब्द ऐकले की लोक घाबरतात. उद्या शेअर विकले तर पैसे एनआरओ खात्यात (अनिवासीचं भारतातल्या उत्पन्नाचं खातं) जमा होतात, आणि तिथून कर भरून, आयकराचे फॉर्म (तेव्हाचे १५सीए-१५सीबी) देऊन, एका आर्थिक वर्षात दहा लाख डॉलरपर्यंत बाहेर नेता येतात. छोट्या उद्योगाला याहून जास्त काय लागतं? एक अट मात्र पक्की आहे: कंपनी शेती, बागायत किंवा जमिनीच्या खरेदी-विक्रीच्या व्यवसायात नको. म्हणून कंपनीच्या उद्देशांत प्रक्रिया आणि विक्री एवढंच लिहिलं. "काजूची लागवडही करू कधीतरी" हे वाक्य मसुद्यातून काढायला लावलं.

लंडनवाला ब्रिटिश नागरिक, आणि त्याने ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकाला मिळणारं) कधी काढलंच नव्हतं. आडनाव कोकणातलं असलं तरी या नियमांपुढे तो फक्त परदेशी गुंतवणूकदार. अन्नप्रक्रियेला परदेशी गुंतवणूक पूर्ण खुली आहे, त्यामुळे अडचण परवानगीची नव्हती, कागदांची होती. पासपोर्ट आणि पत्त्याचा पुरावा तिथे नोटरी करून अपोस्टिल करायचा, म्हणजे दुसऱ्या देशात चालणारा सरकारी शिक्का घ्यायचा. पासपोर्टवर वडिलांचं नाव नाही, बँक खात्यावर आहे. दाखल्यातलं नाव आणि शेअरधारकाचं नाव यांत असा फरक राहिला की अर्ज परत येतो, म्हणून एकाच माणसाची दोन नावं असल्याचं प्रतिज्ञापत्र आधीच घेतलं. दुबईच्या मुलासाठी अपोस्टिल चालत नाही, तिथे भारतीय वाणिज्य दूतावासातून साक्षांकन करावं लागतं.

कंपनी नवीच असल्याने सगळ्यांनी स्थापनेच्या वेळी मूळ सभासद म्हणून दर्शनी किमतीला शेअर घेतले. मूल्यांकनाचा दाखला लागला नाही. आधी कंपनी काढून नंतर परदेशी भागीदार घेतला असता, तर हा दाखला घ्यावा लागला असता. काका संचालक, कारण वर्षात किमान १८२ दिवस भारतात राहणारा एक तरी संचालक हवाच. लंडनचे पैसे त्याच्या स्वतःच्या बँक खात्यातून थेट कंपनीच्या खात्यात आले. एक्स्चेंज हाऊसमधून पाठवू नका असं मी तिघांना बजावलं होतं. तिथून रक्कम रुपयांत येते आणि मग दाखला व केवायसी मिळवताना दमछाक होते. शेअर दिल्यापासून ३० दिवसांच्या आत एफसी-जीपीआर, आणि दरवर्षी १५ जुलैपर्यंत रिझर्व्ह बँकेकडे परदेशी देणी-मालमत्तेचं विवरण. हे विवरण अनेक कंपन्या विसरतात, विशेषतः ज्या वर्षी परदेशातून नवा पैसा येत नाही त्या वर्षी.

मुलाने त्या दिवशी एक प्रश्न विचारला, जो मला सगळ्यात महत्त्वाचा वाटला. "म्हणजे माझे ५० लाख, पण शेअर बाबांच्या नावावर. माझं नाव कुठेच नाही?" नाही. भेट दिली म्हणजे दिली. बापाने पुढे ते शेअर अनिवासी मुलाला भेट द्यायचे तर रिझर्व्ह बँकेची पूर्वपरवानगी लागते. त्याला दोन बहिणी आहेत, आणि मृत्युपत्र नसेल तर तिघांचा आणि आईचा सारखा वाटा. नामनिर्देशनाने मालकी ठरत नाही. काकांनी तिथेच सांगितलं, मुलींना बोलावतो आणि सगळ्यांसमोर मृत्युपत्र लिहितो. त्याशिवाय मुलाने स्वतःच्या एनआरई खात्यातून वेगळे १० लाख घातले, तेवढे शेअर थेट त्याच्या नावावर. घरच्यांच्या विश्वासावर चाललेला उद्योग असतो तेव्हा हे बोलायला जड जातं. मी तरीही प्रत्येक वेळी बोलायला लावतो, कारण नंतर तेच भाऊ-बहीण दिवाणी कोर्टाच्या व्हरांड्यात भेटतात.

संध्याकाळी आम्ही कारखान्याच्या अहवालाकडे वळलो. यंत्रं विकणाऱ्यानेच तो बनवून दिला होता. रोज ५०० किलो बी, शेड आणि यंत्रं मिळून ८५ लाख, उरलेले ३५ लाख 'खेळतं भांडवल'. हा आकडा ज्याला काजूचा हंगाम माहीत आहे तो लिहिणार नाही. बी बाजारात येते फेब्रुवारी-मार्च ते मे. वर्षभर कारखाना चालवायचा तर वर्षभराची बी याच तीन महिन्यांत घेऊन, वाळवून, गोणीत भरून ठेवावी लागते. रोज ५०० किलो, वर्षाचे २४० दिवस, म्हणजे १२० टन. किलोला ११० रुपये धरले तरी एक कोटी बत्तीस लाख. ३५ लाखांत ३२ टन येते, म्हणजे कारखाना ६४ दिवस चालतो आणि पावसाळा संपायच्या आतच बंद पडतो. नव्या कंपनीला पहिल्याच हंगामाला बँकेची कॅश क्रेडिट (मालाच्या तारणावर खेळत्या भांडवलाचं कर्ज) मिळेल हे गृहीत धरू नये. बँक आधी माल, विक्री आणि हिशेब पाहते.

आम्ही क्षमता रोज २०० किलोवर आणली. ४८ टन बी, ५२ लाख ८० हजार. विक्रेत्याशी भांडून तोच २२ लाखांचा अॅडव्हान्स लहान संचाला वळवला, आणखी आठ लाखांत उकडण्याचं भांडं, कटर, ड्रायर, सोलणी आणि वजनकाटे बसले. बॉयलर 'नोंदणी लागत नाही' असं सांगून विकत होते. त्याची पाण्याची क्षमता किती लिटर आणि दाब किती, हे लेखी मागितल्यावर त्यांनी दुसरं मॉडेल दिलं.

कंपनी उभी राहीपर्यंत हंगाम निघून गेला असता. म्हणून मधला मार्ग काढला. काकांनी स्वतःच्या नावाने जीएसटी नोंदणी घेतली आणि मुलाने भेट दिलेल्या, आता त्यांच्याच असलेल्या २८ लाखांतून २४ टन बी घेतली: २६ लाख ४० हजारांचा माल आणि त्यावर ५ टक्के जीएसटी. शेतकऱ्याकडून कच्ची काजू बी घेतली की कर घेणाऱ्याने भरायचा असतो, तोही आधी रोखीने. वजावट नंतर मिळते, पण हंगामात रोकड अडकते. अहवालात हा खर्च नव्हताच. पुढे कंपनीने तोच माल खरेदीच्या भावाने, संचालक मंडळाच्या ठरावासह, काकांकडून घेतला. ती रक्कम काकांनी शेअरसाठी भरली.

खरेदीच्या वेळी प्रत्येक ढिगातून एक किलो नमुना काढायचा, बिया मोजायच्या, कापायच्या. चांगला गर पूर्ण धरायचा, सुरकुतलेला आणि डागी निम्मा, किडका शून्य. साधारण चार किलो बीतून एक किलो गर, म्हणजे २५ टक्के उतारा. तो २२ वर आला, तर ४८ टनांमागे जवळजवळ दीड टन गर कमी मिळतो. वर्षाचा सगळा नफा तेवढ्यात जातो. उतारा पडतो तो बहुतेक वेळा ओल्या बीमुळे. झाडावरून पाडलेली, बोंडूपासून नुकती सोडवलेली बी वजनाला भरते आणि गोणीत बुरसते. काकांना ही पारख होती. तिघा भावांच्या पैशाइतकीच ती भांडवल होती, असं मी त्यांना सांगितलं.

राहिली जमीन. तिघांचाही हट्ट होता की कारखाना आजोबांच्या जमिनीवरच व्हावा. तो हट्ट मला पटतो. पण सातबारावर अजून आजोबांचंच नाव होतं, आणि वारसांत मुंबई आणि गुहागरच्या दोन आत्याही होत्या, ज्यांना कोणी विचारलं नव्हतं. शिवाय शेजारची २० गुंठे शेतजमीन दुबईच्या मुलाच्या नावे घ्यायचा तोंडी सौदा झाला होता. अनिवासी भारतीयाला शेतजमीन वारसाने मिळू शकते, विकत घेता येत नाही, घराणं पिढ्यान्‌पिढ्या शेतकऱ्याचं असलं तरी. तो सौदा थांबवला. पहिल्या हंगामासाठी तालुक्याच्या एमआयडीसीत गाळा भाड्याने घेतला, जिथे जमीन मुळातच औद्योगिक आहे.

गावी मात्र वारस नोंदीचा अर्ज तलाठ्याकडे दिला. मृत्यूचा दाखला, सगळ्या वारसांचं प्रतिज्ञापत्र, फेरफाराची पंधरा दिवसांची नोटीस, मग मंडळ अधिकाऱ्याची मंजुरी. हक्कसोड पत्राचा मसुदा पुतण्यांनी तयार ठेवला होता. गुहागरच्या आत्यांनी तो वाचला आणि सही करणार नाही म्हणाल्या. नाव राहू द्या, कारखाना झाला तर माझ्या वाट्याचं भाडं द्या. मला त्यांचं म्हणणं रास्त वाटलं आणि मी तसंच सांगितलं. मुंबईच्या आत्यांनीही तेच मागितलं. आता वाटप नोंदवून, भूमी अभिलेखकडून मोजणी करून, जमीन कुठल्या झोनमध्ये येते ते पाहून मगच भाडेपट्टा होईल. हद्दीचे दगड रोवले जाईपर्यंत त्या जमिनीवर एकही चिरा चढवायचा नाही, हे दोन्ही आत्यांसमोर लिहून सगळ्यांनी सह्या केल्या.