कॅमेऱ्यांची भिशी

आमच्या जळगावच्या सायकलवाल्या कंपूत 2019 च्या फेब्रुवारीत एका रविवारी मनुदेवीहून परतताना ठरले की, सातही जणांनी अमेरिकेतून अ‍ॅक्शन कॅमेरा, म्हणजे सायकलीवर बांधून चालता चालता चित्रण करणारा छोटा कॅमेरा, मागवायचा. गोप्रो कंपनीचा हिरो सेव्हन ब्लॅक तेव्हा तिकडे 399 डॉलरला होता आणि धक्के जिरवून चित्र स्थिर ठेवण्याची त्याची ख्याती होती. आमच्या शिवाररस्त्यांना नेमके तेच हवे होते. निक वुडमन नावाच्या गृहस्थाने 2002 मध्ये ही कंपनी काढली, ती लाटांवर स्वार होताना मनगटाला कॅमेरा बांधता यावा म्हणून. इकडे समुद्र नाही, पण दगडगोट्यांच्या वाटा पुष्कळ. जिल्हा परिषद शाळेतून निवृत्त झालेल्या नानांनी "हिशेब तुम्हीच ठेवा" असे मला म्हणून टाकले, आणि मीही भोळेपणाने हो म्हणालो.

पहिला हिशेब कुरिअरचा केला. डॉलर सत्तर रुपयांचा धरला तर कॅमेरा 27,930 रुपयांना पडत होता. पण वैयक्तिक वापरासाठी परदेशातून मागवलेल्या वस्तूवर तेव्हा 35 टक्के सीमाशुल्क होते, त्या शुल्कावर दहा टक्के अधिभार, आणि या सगळ्यावर पुन्हा 28 टक्के जीएसटी. बेरीज 77.28 टक्के! म्हणजे एकेक कॅमेरा साडेएकोणपन्नास हजारांवर जात होता. केळीच्या भावाचे चढउतार कोळून प्यालेले रावेरचे भाऊसुद्धा तो आकडा ऐकून क्षणभर गप्प झाले.

मग बँकेतल्या ताईंना आठवले की त्यांची भाची नवरा आणि तान्ह्या लेकरासह मे महिन्यात येते आहे. परदेशातून येणाऱ्या प्रवाशाला तेव्हा पन्नास हजारांपर्यंतच्या वस्तू शुल्काशिवाय आणता येत, तेव्हा तिघांचे मिळून दीड लाख झाले, असा सोपा गुणाकार आप्पांनी केला. मी नियम वाचून काढले. एका प्रवाशाची सवलत दुसऱ्याच्या सवलतीत मिळवता येत नव्हती, आणि तान्ह्या बाळाला तर फक्त त्याच्या वापरातल्या वस्तूंचीच मुभा होती. दोन कॅमेऱ्यांची किंमत पन्नास हजारांच्या वर जात असल्याने माणशी एकच कॅमेरा आणणे शक्य होते. वांगी, तेल, लाकडे सगळे वर्गणीतून आणून शेतात भरीत-पुरीचा बेत करणाऱ्या आम्हा लोकांना, तिघांचे एकत्र मोजायचे नाही, हा नियमच मुळी परका वाटला. तरी तो पाळणे भाग होते.

अखेर उपाय सापडला तो घरचाच. सात जणांनी दरमहा चार हजार काढायचे, जमलेल्या 28,000 मध्ये एक कॅमेरा घ्यायचा, आणि कोणाचा भाचा, कोणाची सून, कोणाचा मित्र केव्हा येतो ते पाहून एकेक कॅमेरा आणवायचा. कोणाला आधी, हे चिठ्ठीने ठरवायचे. म्हणजे भिशीच झाली. फरक इतकाच की भिशीत पैसे हातात येतात, इथे विमानाची वाट पाहावी लागते. मी वहीत एका बाजूला पैसे आणि दुसऱ्या बाजूला लोकांच्या नातेवाइकांच्या रजा लिहू लागलो. कोणाच्या घरात कोणाचे लग्न आहे, कोणाची सून बाळंतपणाला येणार, याची इतकी बित्तंबातमी मला यापूर्वी कधीच नव्हती.

भिशी चालवणारा पहिली भिशी स्वतः घेतो, हा रिवाज. तो मी मोडला. इतरांच्या पैशाला हात लावण्याची धास्ती म्हणा किंवा चांगुलपणा मिरवण्याची हौस म्हणा, माझी चिठ्ठी मी डब्यात टाकलीच नाही आणि शेवटचा क्रमांक आपणहून घेतला. पहिली चिठ्ठी आप्पांची निघाली. मे महिन्यात त्यांचा कॅमेरा आला तेव्हा त्यांनी पेढे वाटले आणि मोटार दुरुस्तीच्या दुकानात सात दिवस तो गल्ल्यावर मांडून ठेवला.

माझा कॅमेरा दिवाळीला यायचा होता. 1 ऑक्टोबरला हिरो एट ब्लॅक जाहीर झाला आणि सेव्हनची किंमत 399 वरून 329 डॉलरवर उतरली. माझ्या कॅमेऱ्यासाठी गोळा झालेल्या पैशांतले साडेचार हजारांहून अधिक रुपये शिल्लक राहिले. ते सात जणांत वाटले तर प्रत्येकी साडेसहाशेच्या आसपास येत होते. मी तसे पाकिटे करून नेले. नानांनी पाकीट न उघडताच परत माझ्या पिशवीत टाकले आणि डिसेंबरात बामणोदची वांगी आणायला सांगितले.

भरीत झाले, शिल्लक संपली, वही बंद झाली. किंमत उतरणार हे मला आधीपासून ठाऊक होते आणि म्हणूनच मी शेवटचा क्रमांक घेतला, असे आप्पा मात्र आजही चढावर मला मागे टाकताना हमखास म्हणतात.