पोस्टडॉकला निघताना: कुठला कागद कशाच्या आधी

दोना पावला, ताळगाव, झुआरीनगर, वास्कोचा सडा. गोव्याच्या एवढ्याशा पट्ट्यात समुद्रावर, ध्रुवांवर, रसायनात, भौतिकीत काम करणारी इतकी माणसं आहेत की दर वर्षी कुणी ना कुणी पोस्टडॉकसाठी, म्हणजे पीएचडीनंतरच्या संशोधनासाठी, बाहेर निघालेलंच असतं. निवड झाली की "व्हिसाला किती दिवस लागतात?" हे सगळे विचारतात. त्याआधी विचारायला हवं ते हे, की यजमान संस्था आपला कागद कधी काढणार आणि त्यावर काय लिहिणार. संशोधकाचा व्हिसा बहुतेक ठिकाणी त्या एका कागदावर उभा असतो आणि ऑफर लेटर म्हणजे तो कागद नव्हे. जर्मनीत तो यजमान करार, फ्रान्समध्ये 'कन्व्हेन्शन दाक्युई', अमेरिकेत डीएस-२०१९, जपानमध्ये सर्टिफिकेट ऑफ एलिजिबिलिटी. प्राध्यापकाला हे सगळं माहीत असतंच असं नाही. तिथल्या इंटरनॅशनल ऑफिसला थेट लिहा.

त्याहीआधी पासपोर्ट उघडून नाव बघा. काहींच्या पासपोर्टवर आडनावाचा रकाना रिकामा असतो आणि सगळं नाव 'गिव्हन नेम'मध्ये. अमेरिकेच्या व्हिसावर अशा वेळी ते अख्खं नाव आडनाव म्हणून छापलं जातं आणि पहिल्या नावाच्या जागी 'एफएनयू' (फर्स्ट नेम अननोन) ही तीन अक्षरं येतात. मग बँक, पगार, विमा, सगळीकडे तीच अक्षरं पाठ धरतात. दुरुस्ती करायची तर यजमानाचा कागद निघण्यापूर्वी, कारण नंतर तोही बदलून घ्यावा लागतो.

सरकारी संस्थेतल्यांना एनओसी लागते हे ठाऊक असतं. पण तिकीट वा राहण्याचा खर्च परदेशी यजमान करणार असेल तर एफसीआरए या परदेशी पैशाविषयीच्या कायद्याखाली गृह मंत्रालयाची पूर्वपरवानगीही लागते, आणि ती शेवटच्या आठवड्यात आठवते.

जर्मनीबद्दल थोडं सविस्तर. तिथल्या निवास कायद्यात संशोधकांसाठी वेगळं कलम आहे, १८ डी. अर्ज याच कलमाखाली करावा असं माझं मत आहे, कारण त्यात दोन सोयी आहेत. नवरा वा बायको बरोबर येणार असेल तर त्यांना जर्मन भाषेची ए-१ ही प्राथमिक पातळीची परीक्षा द्यावी लागत नाही, आणि युरोपीय संघातल्या दुसऱ्या देशातल्या प्रयोगशाळेत ठरावीक काळ काम करणं सोपं जातं. पगाराची नोकरी नसून फेलोशिप असली तरी यजमान करार होऊ शकतो, तेव्हा "स्कॉलरशिप आहे म्हणजे स्टुडंट व्हिसा" असं धरून चालू नका.

इथे एक खर्च हमखास वाया जातो, तो अपोस्टिलचा, म्हणजे कागद खरा आहे असं दुसऱ्या देशाला सांगणाऱ्या सरकारी शिक्क्याचा. भारत २००५ साली अपोस्टिल करारात आला, पण जर्मनीने भारताच्या प्रवेशाला हरकत घेतली. त्यामुळे आपल्या कागदांवरचा अपोस्टिल जर्मन कार्यालयात चालत नाही. फ्रान्सला मात्र तो चालतो. पणजीतला एजंट "सगळ्यांना लागतोच" म्हणाला तरी आधी त्या देशाच्या वकिलातीची कागदयादी वाचा.

दुसरी अडचण विम्याची. करार १ तारखेपासून आणि तुम्ही घर शोधायला दहा दिवस आधी पोचणार, तर नोकरीचा आरोग्य विमा त्या दहा दिवसांना लागू नसतो. अर्जाला जोडलेला प्रवास विमा विमानाच्या तारखेपासून हवा. करार सुरू होण्याच्या तारखेपासून काढला तर अर्जात त्रुटी निघते.

जर्मनीत पोचल्यावर घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत पत्त्याची नोंदणी करायची. त्यासाठी घरमालकाचं सहीचं पत्र लागतं, आणि थोड्या दिवसांसाठी खोली देणारे पुष्कळ मालक ते देत नाहीत. नोंदणी नाही तर पुढे निवास परवान्याचं काम अडतं. म्हणून पहिले महिने विद्यापीठाचं गेस्ट हाउस मिळत असेल तर महाग पडलं तरी घ्या, पण ते पत्र मिळणार का हे आधी विचारून. फ्रान्समध्ये वर्षभराच्या दीर्घ मुदतीच्या व्हिसावर गेलात तर तीन महिन्यांत तो ऑनलाइन वैध करून घ्यायचा असतो. राहिलं तर मुक्काम बेकायदा ठरतो.

ध्रुवीय मंडळींसाठी एक गोष्ट खास. नॉर्वेच्या स्वालबार्डमधल्या न्यू-ऑलेसुंडला आपलं 'हिमाद्री' हे संशोधन केंद्र २००८ पासून आहे. स्वालबार्डला जायला व्हिसा लागत नाही, हे खरं. पण तो द्वीपसमूह शेंगेनच्या, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटाच्या, बाहेर आहे आणि वाट नॉर्वेतूनच जाते. ओस्लोहून लाँगइयरब्येनचं विमान पकडताना तुम्ही शेंगेनमधून बाहेर पडल्याची नोंद होते. हातात एकाच प्रवेशाचा व्हिसा असेल तर तो तिथेच संपला, आणि परत येताना ओस्लोत उतरण्याचा हक्क उरत नाही. म्हणून दोन किंवा अधिक प्रवेशांचाच व्हिसा मागायचा, आणि निमंत्रणपत्रात जाण्यायेण्याचा पूर्ण मार्ग लिहून घ्यायचा, म्हणजे अर्ज हाताळणाऱ्याला कारण समोर दिसतं.

अमेरिकेच्या जे-१ व्हिसात, म्हणजे भेटीवर जाणाऱ्या संशोधकांच्या व्हिसात, डीएस-२०१९ वरची 'कॅटेगरी' ही एक ओळ फार महत्त्वाची. तिथे 'रिसर्च स्कॉलर' लिहिलं आणि तुम्ही तीन महिन्यांत काम संपवून परतलात, तरी पुढचे २४ महिने पुन्हा त्याच कॅटेगरीत जाता येत नाही. आधी छोटी भेट आणि वर्षाने पोस्टडॉक असा बेत असेल तर सगळाच फसतो. सहा महिन्यांच्या आतली भेट असेल तर 'शॉर्ट-टर्म स्कॉलर' करून मागा. ती सहा महिन्यांपलीकडे वाढत नाही, पण २४ महिन्यांचं बंधनही लावत नाही. जे-१ संपल्यावर भारतात दोन वर्षं परत राहण्याची अट वेगळी. ती ज्या देशांना लागते त्यांच्या कौशल्य यादीतून डिसेंबर २०२४ मध्ये भारत वगळला गेला, त्यामुळे पुष्कळांची ती अट गेली. पैसा अमेरिकेच्या किंवा भारताच्या सरकारचा असेल तर मात्र ती अजूनही लागू शकते, म्हणून डीएस-२०१९ वर निधीचा स्रोत काय लिहिलाय ते नीट वाचा.

अमेरिकेच्या व्हिसाच्या मुलाखतीनंतर २२१(जी) या कलमाची चिठ्ठी हातात आली तर कागदोपत्री तो नकार असला तरी बहुतेकदा शेवटचा नसतो, चौकशी असते. सोनार, पाण्याखालची स्वयंचलित वाहनं, उपग्रह दूरसंवेदन अशा विषयांत ती जास्त होते. सीव्ही, शोधनिबंधांची यादी आणि संशोधनाचं साध्या भाषेतलं एक पान तयार ठेवा: काय मोजणार, कुठे, कुणाच्या पैशाने. आणि तिकीट परत मिळण्याजोगंच काढा. कार्यक्रम सुरू होण्याच्या ३० दिवसांहून आधी अमेरिकेत प्रवेश मिळत नाही, हेही तिकीट काढताना बघायचं.

ब्रिटनला जाणाऱ्या भारतीयांना काही संवेदनशील विषयांसाठी व्हिसाआधी एटीएएस हे तिथल्या सरकारचं मंजुरी प्रमाणपत्र लागतं. ते मोफत आहे, पण वेळ खातं, म्हणून करार आला की पहिला अर्ज त्याचाच. सहा महिन्यांहून जास्त राहायचं तर क्षयरोगाची तपासणी त्यांच्या यादीतल्या केंद्रातच करावी लागते, घराजवळच्या लॅबचा एक्स-रे चालत नाही. या तपासणीचं प्रमाणपत्र सहा महिनेच टिकतं.

पोर्तुगीज पासपोर्टवाल्यांना युरोपीय संघात व्हिसाची गरज नाही, ब्रिटनमध्ये मात्र २०२१ पासून कामासाठी नव्याने जाणाऱ्यांना आहे. जोडीदार भारतीय पासपोर्टवर असेल आणि दोघं पोर्तुगाल सोडून संघातल्या दुसऱ्या देशात जाणार असतील, तर युरोपीय नागरिकाचा कुटुंबीय म्हणून अर्ज करा. त्या व्हिसाला फी नसते.

जोडीदाराच्या अर्जात गोव्याचं आणखी एक वैशिष्ट्य आडवं येतं. आपल्याकडे लग्न नागरी निबंधकाकडे दोन टप्प्यांत नोंदतात, आणि पहिल्या सहीनंतरचा कागद म्हणजे लग्नाचा दाखला नव्हे. दुसरी सही झाल्यावर मिळणारा दाखलाच वकिलातीत चालतो. मुहूर्त, हॉल आणि जेवणावळ कधीही असो, दुसरी सही व्हिसाच्या तारखेच्या पुरेशी आधी उरकून घ्या, आणि दाखल्यावरचं नाव पासपोर्टवरच्या नावाशी अक्षर न् अक्षर जुळतंय ना हे निबंधकाच्या टेबलावरच तपासा.